जीप थांबवायचा सराव

शिवकन्या सातवी पास झाली तरी तिचा आवाज कसा आहे, हे वर्गात कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. हजेरीला ती नुसता हात वर करायची. आता गावातली शाळा संपली होती. जूनपासून आठवीला रोज जीपनं घनसावंगीला जायचं, आणि तिला एकच काळजी लागली होती. खच्चून भरलेल्या जीपमधून आपण उतरणार कसं? थांबवा म्हणायला तोंड उघडावं लागतं.

निरोपाच्या दिवशी मात्र सगळ्या वर्गाला उगाचच हसू फुटत होतं. मुख्याध्यापक अप्पाराव सर माइकवर म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, तुम्ही आता मोठ्या जगात पाऊल ठेवताय," आणि नेमका माइक कोकलला. मागं हरिओम खुसखुसला. बघता बघता ते हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. सर "शिस्त" म्हणाले, तरी हसू. "चारित्र्य" म्हणाले, तर जास्तच. शिवकन्येनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

सर हताश होऊन खुर्चीत बसले. "मॅडम, तुम्हीच सांगा यांना चार शब्द."

बेबीनंदा मॅडम उठल्या. त्या स्वतः रोज जीपनंच शाळेत यायच्या. "मी उपदेश करत न्हाई," त्या म्हणाल्या. "जीपमध्ये बसायचं कसं आणि उतरायचं कसं, तेवढं शिकवते. लावा बाकं, जल्दी!"

ओसरीत एकामागं एक बाकं लागली. खिचडीची ताटली हातात धरून हरिओम ड्रायव्हर झाला. पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली. मॅडम भली मोठी पिशवी घेऊन आल्या आणि "सरका गं बायांनो" म्हणत मधोमध घुसल्या.

"हायस्कूल आलं की मोठ्यानं ओरडायचं. ड्रायव्हरला ऐकू न्हाई गेलं, तर जीप गेलीच पुढं अंबडला!"

शिवकन्येची पाळी आली. "थांबवा," ती पुटपुटली.

हरिओमनं तोंडानं भुर्रर्र केलं. "अंबड आलं, अंबड!"

पोरं हसून लोळायला लागली. पुन्हा सुरुवात झाली. "दादा, थांबवा ना."

"जालना! जालन्याला कोण उतरायलंय?"

मॅडमची पिशवी तिच्या बरगडीत रुतत होती, कुणाची तरी वेणी नाकात जात होती, आणि हसून हसून तिला श्वास पुरत नव्हता. तिसऱ्या वेळी हरिओमनं ताटली फिरवत "आता थेट मुंबईच!" म्हटलं, तशी ती उसळून उभी राह्यली.

"ए, थांबीव की रे जीप!"

लिंबावरचे कावळे उडाले. हरिओमची ताटली खणखणत पायरीवरून खाली गेली. आणि फाटकाबाहेर खरोखरच करकचून ब्रेक लागला. रस्त्यानं चाललेली पप्पू ड्रायव्हरची जीप धुरळा उडवत उभी होती. पप्पूनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं.

"कोण वरडलं? कुठं जायचंय?"

सगळ्यांची बोटं शिवकन्येकडं वळली. शिवकन्येचे कान तापले. पण पहिल्यांदा हसले ते अप्पाराव सर. इतके, की चष्मा काढून त्यांना डोळे पुसावे लागले.

"पप्पू, गाडी रिकामी आहे का?"

"हाय ना सर."

"मंग फाट्यापर्यंत ने यांना. रस पाजतो सगळ्यांना. भाषण बस्स झालं!"

एकच आरडाओरडा झाला. मॅडमनी शिवकन्येला पुढच्या सीटवर ढकललं. फाट्यावरच्या रसवंतीत हरिओमनं पुन्हा भुर्रर्र केलं, आणि तिच्या नाकातून रस बाहेर आला. ठसका थांबेना, हसूही थांबेना.

"बाई गं," ती ओरडली, "कुणीतरी याला गप बसवा!"

घुंगरं वाजवत चरक फिरत होता, तरी पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. शिवकन्येनं त्यांच्याकडं बघितलं, ओढणीनं नाक पुसलं आणि आणखी एक ग्लास मागितला.