चमेलीची लस

रेल्वेत मी जन्मभर डब्यांची चाकं तपासली. माझ्या होकाराशिवाय रायपूरहून गाडी हलत नसे, असं मी पुरानी बस्तीत अजूनही सांगतो आणि लोक बिचारे ऐकून घेतात. मी निवृत्त झालो त्याच सुमारास रायपूर राजधानी झालं. लग्नं एकदम थाटात होऊ लागली. तेव्हा मला अक्कल सुचली आणि मी वरातीसाठी घोडी घेतली. तिचं नाव चमेली.

पहिल्याच कमाईतून तिला धनुर्वाताची लस द्या, असं माझ्या बायकोनं, इंदूनं बजावलं होतं. मी मखमली झूल आणली. नवरदेवाचा बाप झूल बघतो, लस कोण बघतो? पुढच्या हंगामात कलगी आणली. आयुष्यभर तपासणी केलेल्या माणसाचा हा हिशेब!

मध्यंतरी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सरकारी माणसं जनावरांना फुकट लस टोचायला आली. इंदूच्या शेळ्या टोचून झाल्या, तशी मी चमेलीला पुढे केली. डॉक्टर अपर्णा मराठी घरातलीच, पण बोलते हिंदी. म्हणाली, "काका, ये खुरकुत का टीका है. घोड़ी को नहीं लगता."

"पण हिचा स्वभाव एकदम गाईवानी हाय," मी म्हणालो.

ती पोट धरून हसली. "इसको टिटनेस का लगवाओ. वो बाहर से लाना पड़ेगा."

"हव, हव," म्हणून मी घोडी घरी आणली.

मग समता कॉलनीतल्या वरातीत चमेली लंगडली. राजधानी झाल्यापासून जिकडेतिकडे बांधकाम. सेंट्रिंगच्या फळीचा गंजका खिळा तिच्या खुरात घुसला होता. नवरदेव उतरून पायी चालू लागला, त्याच्या बापानं माझा उद्धार केला. मी खिळा उपसला. त्यात माझ्या बोटाला ओरखडा आला आणि माझे धाबे दणाणले. धावत जवळचा दवाखाना गाठला, चमेलीला बाहेरच्या खांबाला बांधलं आणि आत जाऊन धनुर्वाताची सुई टोचून घेतली.

घरी येऊन इंदूला बोट दाखवत कण्हू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अन् चमेलीले?"

इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

तसाच अपर्णाकडे पळालो. आता जखम झाल्यावर नुसती लस पुरेना, वर महागडं इंजेक्शन लागलं. त्यापायी झूल दुसऱ्या घोडीवाल्याला, दयारामला विकली. अपर्णा म्हणाली, "अब बस देखते रहो. मुंह खुल रहा है कि नहीं."

धनुर्वातात आधी जबडाच आवळतो. मी तबेल्यातच खाट टाकली. चमेलीनं तोंड उघडलं की मला हायसं वाटे. मध्येच स्वतःचाही जबडा चाचपून बघत असे.

एका सकाळी तिनं चाऱ्याला तोंडच लावलं नाही. गूळ दिला, तोही नको. तिच्या गळ्यात पडून म्हणालो, "चमेली, असं नको करू माय. माह्यं चुकलं."

तिनं मान वळवली आणि माझ्या खांद्याचा असा कडकडून चावा घेतला, की मी गल्ली जागी केली.

इंदू धावत आली. "काय झालं?"

"चावली! इंदू, चावली! तोंड उघडते तिचं!"

"मंग रडून काहून राहिले?"

"दुखून राहिलं म्हणून," मी म्हणालो, आणि चमेलीची मान काही सोडली नाही.