एकदा वाजली की कडूबा

मित्रांनो, मी टेबलावरची एक जुनी पितळी घंटी आहे. पालथ्या वाटीएवढी. माझ्या डोक्यावर एक कळ आहे. ती दाबली की 'टिण्ण' असा आवाज निघतो. दुसरे काही मला येत नाही. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण तिच्यात एका भल्या माणसाचे हाल झाले, आणि त्यात माझा वाटा किती हे मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून सांगते.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचे राज्य जाऊन, चार वर्षे झाली होती. कन्नडच्या एका शाळेसाठी खुर्च्या आणि नकाशे घ्यायला लोक औरंगाबादला आले, आणि जाताना मलाही घेऊन गेले. मुख्याध्यापकांच्या टेबलावर उजव्या हाताला माझी जागा ठरली. दाराबाहेर स्टूल होते आणि स्टुलावर शिपाई बसत असे. पुढे काही वर्षांनी त्या स्टुलावर कडूबा आला. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता.

त्या वेळचे मुख्याध्यापक आप्पासाहेब. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितले, "एकदा वाजली की कडूबा, दोनदा वाजली की कारकून. ध्यानात राहील?"

"राहील जी," कडूबा म्हणाला.

राहिले. असे राहिले की पुढे पुसता आले नाही. हातातला घास डब्यात परत ठेवून तो उठायचा. माझा आवाज विरायच्या आत दारात उभा राहून म्हणायचा, "आलो, साहेब." त्याच्यासाठी मला दुसऱ्यांदा वाजवायची वेळ त्याने अडतीस वर्षांत कोणावरही येऊ दिली नाही.

शाळेत पाणी भरणारा नवाब त्याचा दोस्त होता. साहेब बाहेर गेले की तो आत शिरून मला एक टिचकी मारायचा. कडूबा धावत यायचा, आणि रिकाम्या खुर्चीपुढे "आलो, साहेब" म्हणून उभा राहायचा.

"तुझे कान नोकरीला हायेत का तू रे?" नवाब पोट धरून हसायचा.

"मेल्या, एक दिवस खरी वाजंल आन् मी उठणार नाय, मग बघ," कडूबा म्हणायचा. पण दुसऱ्या दिवशीही तो उठायचाच.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी शाळेत विजेची घंटी आली. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि मी, अशा तीन वस्तू त्याला मिळाल्या. म्हातारे झालेले आप्पासाहेब मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "कडूबा, आता ही तू वाजवायची बरं का!" सगळे हसले. कडूबाही हसला. पण घरी नेऊन त्याने मला फडताळात ठेवले. दर दिवाळीला चिंचेने घासून लखलखीत करायचा, आणि पुसताना कळेला धक्का लागू नये म्हणून बोट जपून फिरवायचा. त्याने मला एकदाही वाजवले नाही. मला तेव्हा तो माझा मान वाटायचा.

बायको गेल्यावर तो औरंगाबादेत गारखेड्याला मुलाकडे, म्हणजे सांडूकडे, राहायला आला. दोन वर्षांतच त्याची डावी बाजू लुळी पडली. सांडू वाळूजला कंपनीत होता, सून शाळेवर जायची. म्हणून त्यांनी घरी येऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या एका संस्थेकडून बाई लावली. तिचे नाव वहिदा. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची. हात हलका होता तिचा, आणि मनाने वाईट नव्हती.

संस्थेचा नियम होता की रुग्णाच्या हाताशी घंटी हवी. सांडूने मला फडताळातून काढून खाटेशेजारच्या टेबलावर ठेवले. "आबा, काही लागलं की वाजवा. लाजू नका," तो म्हणाला.

कडूबाने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. मला फार बरे वाटले. आता मी याच्या कामाला येईन, असे मनात आले. किती भाबडी होते मी!

वहिदाकडे एक तक्ता होता. पडून पडून पाठ चिघळू नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची आणि पुढे खूण करायची. ती वेळेवर यायची. "बाबा, कूस बदलू का?"

"राहू द्या, बाई. तुम्ही आधी चार घास खाऊन घ्या."

"पाठ तरी पुसून घेते."

"नको, नको. सकाळी पोरानं पुसली ना."

सांडूने पुसलेली नसायची. सांडूने विचारले, की बाईने पुसली म्हणून सांगायचा. परक्या बाईने आपली उघडी पाठ पाहावी, हे कडूबाला सोसत नव्हते. आपल्यासाठी कुणी हातातले काम टाकून यावे, हेही नाही. वहिदा एकदा विचारायची, दोनदा विचारायची आणि मग खूण करायची. विचारले होते, हे खरेच होते.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीला, कमरेच्या वर, आग होऊ लागली. मी टेबलावरून पाहत होते. त्याचा उजवा हात हळूहळू माझ्याकडे यायचा. बोट कळेच्या वर येऊन थांबायचे. स्वयंपाकघरात वहिदाची भांडी वाजायची, आणि ते बोट परत जायचे. वाजव रे, मी मनात म्हणायचे. एकदाच वाजव.

एके दिवशी नवाब कन्नडहून एसटीने भेटायला आला. दारातूनच ओरडला, "क्या बात है! उशाला घंटी! लई बढती झाली साहेबांची!"

"साहेब म्हणू नको बे."

"मग वाजव की! मी येतो धावत. इतकी वर्षं तू धावला, आता माझी पाळी."

"मी कशी वाजवू, नवाब? घंटी साहेबानं वाजवायची. आपण ऐकणारी माणसं."

नवाब हसला नाही. जवळ सरकून बसला. "तोंड का असं उतरलंय? कुठं दुखतंय का?"

"पाठ जळती. जरा ओली बी लागती."

"सांडूला सांगतो मी."

"तुला माझी शपथ हाये. पोरगं आधीच दमून येतं. आन् त्या बाईची नोकरी जाईल."

नवाबने शपथ पाळली. दोस्ताची शपथ मोडायची नसते, एवढेच त्याला ठाऊक होते. जाताना तो माझ्याकडे बघत राहिला. मीही गप्पच होते.

आता तपासणीबद्दल सांगते. सेवा चांगली मिळते की नाही, हे पाहायला संस्थेच्या आशा मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. मृदू बोलणाऱ्या, नीटनेटक्या. खुर्ची ओढून बसायच्या आणि वहिदा आणि सांडू यांच्या समोरच विचारायच्या, "आजोबा, काही तक्रार?"

"काय नाय बाई. लई चांगलं चाललंय. चहा घ्या."

घंटी हाताशी आहे का? आहे. महिन्यात किती वेळा वाजवावी लागली? एकदाही नाही. तक्ता पूर्ण आहे का? पूर्ण. मॅडमनी कागदावर पैकीच्या पैकी गुण मांडले आणि सांडूला म्हणाल्या, "इतके समाधानी आजोबा मी पाहिले नाहीत." सांडूचा चेहरा उजळला. बापाला आपण नीट ठेवले आहे, असे त्याला त्या कागदाने सांगितले. चादर कुणी उचलली नाही. कागदावर चादरीचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या महिन्यातही तसेच झाले.

तिसऱ्या महिन्यात मॅडम आल्या तेव्हा दुपार होती. दुखण्याने रात्रभर जागलेल्या कडूबाचा डोळा नुकताच लागला होता. वहिदा आत चहा टाकत होती. सांडू रजेवर होता, तो दारात उभा होता. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "या वेळी एक नवीन रकाना आहे. घंटी वाजल्यावर बाई किती वेळात येते, ते मोजायचंय." त्यांनी मोबाइलवर वेळ लावली आणि माझ्या डोक्यावर बोट ठेवले.

नको, मी मनात म्हणाले. पण मित्रांनो, कळ दाबली की घंटीला वाजावेच लागते.

टिण्ण. एकदा.

"आलो, साहेब!" कडूबा म्हणाला. तो आवाज वीस वर्षांच्या पोराचा होता. उजव्या हातावर जोर देऊन तो उठला, उजवा पाय खाली टाकला, आणि डाव्या पायाने पुढचे पाऊल टाकायला निघाला. सांडू धावला, पण पोचला नाही. कडूबा कमरेवर फरशीवर आदळला.

वहिदा धावत आली. मॅडमच्या हातातल्या मोबाइलवर सोळा सेकंद झाले होते.

त्याला उचलताना सदरा वर सरकला, आणि सगळ्यांनी त्याची पाठ पाहिली. तळहाताएवढी जखम. मध्ये काळी. खोल. वहिदा भिंतीला टेकून रडू लागली. "मी रोज विचारत होते हो, भाऊ. अल्लाकसम, रोज विचारत होते."

"आबा," सांडू म्हणाला, "एकदा वाजवली का नाही तुम्ही?"

कडूबा कण्हत होता. त्याने दाराकडे बघत विचारले, "साहेबांनी कशाला बोलावलं व्हतं?"

खुब्याचे हाड मोडले होते, आणि जखमेचे विष रक्तात उतरले होते. दवाखान्यात तो अकरा दिवस होता. परत आला नाही.

आशा मॅडम घरी भेटायला आल्या तेव्हा त्यांनी तो कागद मांडीवर उघडला. त्यांच्या कागदात 'सोळा सेकंद, उत्तम' एवढेच लिहिलेले होते. पडण्यासाठी त्यात रकाना नव्हता, आणि मुकाट सोसण्यासाठीही नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस "लई चांगलं चाललंय" म्हणत असेल, तर त्याचे ऐकून निघून जाऊ नका. उशाशी घंटी ठेवली म्हणजे काळजी घेतली, असे समजू नका. काही माणसांना आयुष्यभर फक्त ऐकायची सवय असते. त्यांच्याजवळ बसा. चादर बाजूला करा. पाठ बघा. हे मी आज सांगते आहे. सांगायला हवे होते तेव्हा माझ्या कळेपर्यंत फक्त एक बोट येऊन परत जात होते.

तेरावे झाल्यावर पाहुणे गेले. सांडू रिकाम्या खाटेसमोर बसला. कितीतरी वेळाने त्याचा हात माझ्याकडे आला, आणि त्याने कळ दाबली.

टिण्ण. एकदा.

तो दाराकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. माझा आवाज विरून गेला, आणि कुणी आले नाही.