मांडवाच्या केळी

१९९४ च्या मे महिन्यात श्यामलाचं लग्न झालं. तिचे वडील गोपाळकृष्ण सर यांनी मांडवाच्या दाराला स्वतःच्या बागेतल्या चार केळी लावल्या आणि लग्न उरकल्यावर त्याच बागेतले मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली रोपं, गागोदे बुद्रुकभर प्रसादासारखे वाटले. पानं आखूड, ताठ, शेंड्याला झुबका. "बुटकी जात आहे," सर सांगत. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. वाकून झाड बघायची सवय मात्र लागली नाही.

शेजारच्या रंभाबाईंनी त्यातले दोन मुनवे कुंपणाकडेला लावले. त्यांचं घर साठ केळींच्या घडांवर चालायचं. दिवाळीत त्यांच्या जुन्या चार केळींनाही झुबके आले, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी नुकतीच दापोलीहून कृषी पदवी घेऊन आले होते.

देठांवर गर्द हिरव्या तुटक रेघा होत्या, पोंग्यात, न उलगडलेल्या कोवळ्या पानात, काळपट मावा कीड.

"पर्णगुच्छ," मी म्हणाले. "विषाणू आहे. मुनव्यातून आला, आता मावा पसरवतोय. औषध नाही. आधी रॉकेल ओतून मावा मारायचा, मग झाड कंदासकट खणायचं. सरांच्या बागेतलीसुद्धा."

सर कुंपणापलीकडे हसले. "विषाणू माणसाला होतात, ऋतुजा. झाडाला सर्दी होते का? दापोलीला हेच शिकवतात? आणि मांडवाची केळ खणायची?"

"सर्दी नाय हो सर," रंभाबाई म्हणाल्या. "पण माझी झाडं तुमच्यासारखी ताठ झालीत. फळ काय धरत नाय."

रंभाबाईंनी सहाही झाडं त्याच दिवशी खणली. सरांची उभी राहिली. डिसेंबरात कुंपणाकडच्या आणखी तीन केळींना झुबके आले.

त्याच आठवड्यात मी रंभाबाईंकडे असताना सर त्यांच्यासाठी नवा मुनवा घेऊन आले. "श्यामलाला दिवस गेलेत. शुभ आहे, लाव."

"गोड बातमी हाय. ठेवा ओट्यावर," म्हणत रंभाबाईंनी रॉकेलची बाटली आणून मुनव्यावर उपडी केली. मग कुदळ उचलली. "चला, तुमच्या बागेत."

"आज अमावास्या आहे."

"माव्याला पंचांग वाचता येत नाय, सर."

त्या कुंपण ओलांडून गेल्या. सरांना अडवायचं सुचलं नाही. पहिला कंद वर आला तेव्हाही ते वाकले नाहीत, लांबूनच मला म्हणाले, "बघ, मुळं किती चांगली आहेत."