डाव्या बाकावरची जागा

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांच्या घरात दारं आणि कपाटं बसवली. ह्यांनी बसवलेलं दार जिथे सोडाल तिथे थांबतं. आपणहून उघडत नाही की मिटत नाही. ह्याचा त्यांना एवढा ताठा, की कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी आधी यजमानांचं दार अर्धवट सोडून बघणार आणि मग आत येणार. असा माणूस कामातून मोकळा झाल्यावर जरा स्वस्थ बसेल, अशी माझी समजूत. कसलं काय! एक दिवस मला धक्क्यावर घेऊन गेले आणि बांधून ठेवलेली एक लहानशी, जुनी शिडाची बोट दाखवली. विकतच घेतली होती. बाहेरून बरी होती. आत डोकावले तर कुबट वास, फुगलेलं प्लायवुड आणि गाद्यांचा नुसता लगदा.

"ह्या खोक्यात मी पाऊलसुद्धा ठेवणार नाही," मी म्हणाले.

आता, बायको रागाने बोलली की त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे बाकीच्या नवऱ्यांना कळतं. आमचे पडले सुतार. दिलेलं माप जसंच्या तसं धरून चालले. माझ्या धाकट्या दिरांना बोलावून बेत ठरवूनही मोकळे झाले. बोट आतून नवी करायची आणि दोघा भावांनी किनाऱ्याकिनाऱ्याने महिनाभर भटकून यायचं. माझ्या वाट्याला काय, तर गाद्या शिवणं. येतेस का, असं तोंडदेखलंही विचारलं नाही. मला ते लागलं. फार लागलं. पण मीही काही कमी नाही. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं, शिवणाचं मशीन उचललं, आणि ज्या खोक्यात पाऊल ठेवणार नव्हते त्यात जाऊन बसले.

घरी बसून शिवता आलं असतं म्हणाल, तर नाही. बोटीत एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. भिंती पोटासारख्या सुटलेल्या. प्रत्येक गादी तिथल्या तिथे टेकवून, कापून, पुन्हा टेकवून शिवावी लागते. डाव्या बाकावर खिडकीचा उजेड चांगला येतो, म्हणून ती माझी जागा झाली. शेजारी हाताने फिरवायचं लोखंडी मशीन, पायाशी कापडाचे गठ्ठे, मांडीवर माझा शिवणाचा डबा. त्या डब्याला हात लावायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. आणि ह्या सगळ्याच्या मधे मी. मी काही चवळीची शेंग नाही.

समोर हे गुडघ्यांवर बसून काम करायचे. सडलेलं सगळं उखडून काढलं आणि नवं घालायला घेतलं. जेवायचं टेबल, शेगडीचा ओटा, खण, छोटी छोटी कपाटं. प्रत्येक फळीवर पाणसळ ठेवायचे. त्या पट्टीतल्या काचेच्या नळीत बुडबुडा असतो, तो मधोमध आला की फळी सपाट. पण माझं मशीन चाललं की बुडबुडा थरथरायचा.

"मशीन थांबव गं जरा," हे म्हणायचे. मी हात थांबवून बसल्या जागी मुकाट बसायची. लग्नापासून ह्यांचं इतकं ऐकलं नसेल. मग बुडबुडा स्थिर व्हायचा, हे पेन्सिलने खूण करायचे आणि स्क्रू पिळायचे.

शेजारच्या बोटवाल्याने सांगून पाहिलं, की बोटीतल्या दारांना कड्या लावाव्या लागतात. ह्यांना तो अपमान वाटला. माझ्या दाराला कडी लागत नाही, म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. तो बिचारा पुन्हा आला नाही.

काम संपलं, आणि खरं सांगते, आतून बोट देखणी झाली होती. मी मशीन आणि गठ्ठे घरी नेले. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ निघायचे होते. त्या सकाळी शेवटची उशी आणि माझी पिशवी घेऊन मी धक्क्यावर पोचले तेव्हा भावजी आपली पिशवी घेऊन आधीच आत गेले होते, आणि आतून ह्यांचा आवाज येत होता. शिव्या देत होते. कोणाला, तर बोटीला.

वाकून बघितलं. सगळी कपाटं सताड उघडी. हे एक दार मिटायचे, तोवर दुसरं हळूच बाहेर यायचं. खण घसरून अर्धे बाहेर आलेले. भावजींनी टेबलावर ठेवलेला कांदा गडगडत जाऊन ओट्याखाली शिरला. भावजी म्हणजे नुसती काडी, पण जीभ तिखट. "नाचता येईना अंगण वाकडं, दादा," म्हणाले.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पाणसळ हातात धरून पुन्हा पुन्हा फळीवर ठेवत होते. मला त्यांची दया आली. इतक्या दिवसांचा राग होता, तरी आली. मी उशी घेऊन आत उतरले आणि सवयीने डाव्या बाकावर, माझ्या जागी, धपकन बसले.

बोट किंचित कलली. एक दार मिटलं. मग दुसरं. खण सरकत आपापल्या जागी गेले.

हे पाणसळीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं आता हसतील, पण हसले नाहीत. घोडं कुठे पेंड खात होतं ते भावजींनाही कळलं. ते म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना, वहिनींच्या जागी पाण्याचे दोन-चार कॅन ठेवून देऊ, काम भागेल.

"कॅन नाही ठेवायचे," हे म्हणाले. "तिथे ही बसते."

ह्यांनी पाणसळ खाली ठेवली. हात पँटला पुसले, पुन्हा पुसले.

"येतेस का?"

एवढ्यात हो म्हणेन तर मी कसली!

"तुम्हीच म्हणता ना, मला बोट लागते?"

"लागते. म्हणून तर विचारायचं धाडस होत नव्हतं."

मी माझ्या पिशवीतून शिवणाचा डबा काढला. रिळांच्या खालून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. ती टेबलावरून घसरली नाही. ह्यांनी पट्टी उचलली आणि ह्या कधी आणल्यास म्हणून विचारलं.

"तुम्ही बोट दाखवलीत ना, त्याच दिवशी संध्याकाळी."

हे त्या पट्टीकडे बघत खाली मान घालून बसले. मी म्हटलं, आता डोळे टिपत बसू नका, उठा. आणि आधी सगळ्या दारांना कड्या लावा. मी काही महिनाभर ह्या बाकाला चिकटून बसणार नाही.

जन्मात कोणाच्या दाराला कडी न लावलेला माणूस स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला. भावजींना पोहता येत नव्हतं आणि दादाच्या शब्दाखातरच ते निघाले होते, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी हसत हसत पिशवी उचलली आणि ते धक्क्यावर उतरले. पाणसळीतला बुडबुडा हललासुद्धा नाही.