आंबट झालेला हौद

मित्रांनो, सोलापुरातल्या एका परसातला मी जुना दगडी हौद आहे. १९२६ साली गवंड्याने काळ्या दगडाचे चिरे चुन्यात बसवून मला बांधले. माझी मालकीण शांतम्मा ही एकटी राहणारी विधवा. तिने माझ्यात कमळे लावली, मासे सोडले. गल्लीतले लोक मुद्दाम परसात येऊन मला बघून जात.

भिंतीपलीकडे चनबसप्पाचा सूत रंगवायचा कारखाना होता. चार वर्षांनी त्याने आपल्या मोरीचे तोंड गुपचूप माझ्याकडे वळवले. तेजाब मिसळलेले पाणी माझ्यात शिरले आणि माझ्या सांध्यांतला चुना खाऊ लागले. मासे तडफडून पांढरे पोट वर करून तरंगू लागले.

शांतम्माने मोरी दगडांनी बुजवली. चनबसप्पाने पहारीने ती फोडली आणि शांतम्माला ढकलून पाडले. संतापाच्या भरात तिने तेजाब मारायला पाटीभर कळीचा चुना माझ्यात ओतला. पाणी खदखदले. तेजाबातून वाचलेले मासेही तासाभरात मेले. शांतम्मा ऊर बडवून रडली.

तेव्हा चनबसप्पाची बायको नागम्मा भिंतीवरून हळूच म्हणाली, "अक्का, चुना असा एकदम टाकायचा न्हाय. आदी येगळ्या पान्यात विझवायचा, मग ओंजळ ओंजळ घालायचा. आन् ह्यो कागद घ्या."

जास्वंदीची फुले चोळून वाळवलेला जांभळट कागद होता तो.

"पानी आंबट असलं की लाल हुतो, चुना जास्ती झाला की हिरवा. रंग बदलला न्हाय, की थांबायचं."

"तुला गं कसं ठावं?"

"रंगाऱ्याची बायकू हाय की मी!"

शांतम्माने मोरी पुन्हा बुजवली, या वेळी पहारीलाही न हलणाऱ्या मोठ्या दगडांनी. खराब पाणी उपसून विहिरीचे भरले. रोज सकाळी कागद बुडवायचा, मगच चुन्याला हात लावायचा. महिन्याभरात माझे पाणी निवळले.

हे चनबसप्पाला कळले. एका हातात पहार घेऊन, दुसऱ्याने नागम्माचे केस धरून त्याने तिला सगळ्या गल्लीदेखत माझ्या काठापर्यंत फरफटत आणले. "घरातली विद्या शेजाऱ्याला शिकवतीस व्हय?" असे ओरडून त्याने पहार उगारली. शांतम्माच्या हातात कालवलेल्या चुन्याचे भांडे होते. तिने तो चुना सरळ त्याच्या तोंडावर फेकला.

तो डोळे धरून कोसळला. नागम्माने त्याची मान पकडून डोके माझ्या पाण्यात दाबले.

"सोड गं, मरंल त्यो!" शांतम्मा किंचाळली.

"मारत न्हाय, अक्का. डोळं धुतीया. धरा त्याला!"

तो लाथा झाडत होता, त्यांचे हात चावत होता. रक्त माझ्या पाण्यात मिसळले. त्या त्याला वर काढत, पुन्हा बुडवत. एकदा मात्र नागम्माने त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ खाली धरले. ते फक्त मला कळले. मग तिची बोटे सैल झाली.

चनबसप्पाचा एक डोळा गेला, एक वाचला. सगळ्या गल्लीने पहार पाहिली होती, म्हणून तो तक्रारीला गेला नाही. मोरी त्याने दुसरीकडे वळवली. नागम्मा परत त्या घरात गेली नाही. ती शांतम्माजवळच राहिली. पुढच्या वर्षी दोघींनी माझ्यात नवे मासे सोडले.

मित्रांनो, पाणी बिघडले तर घाई करू नका. आधी ते पारखा, मग थोडे थोडे औषध घाला आणि धीर धरा. पण भिंतीपलीकडे कोणी मार खात असेल, तर तिथे मात्र धीर धरू नका.