कनकाचा डबा

"घ्या, अण्णा. पुरणपोळ्या अहेत." कनकानं स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. "तुमच्या बँकेनं वाचवलां अम्हांला."

अनंतकृष्ण गोंधळला. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या शाखेत तो कर्जवसुली पाहायचा, आणि वसुलीवाल्याला पुरणपोळी कोण देतं? कनकाचा नवरा श्रीहरी करोनात गेला. मागं एक लेथ मशीन आणि त्याच्यावरचं कर्ज ठेवून गेला. मशीन आता कनकाच चालवायची. पण मोटारीच्या भागांचं काम आटलं होतं, हप्ते थकले होते.

"पेपरांत आलां की! थकलेलां कर्ज अत्ता बुडालां म्हणून धरायचां नाही म्हणे. मशीन राहिलां, अण्णा!"

बातमी खरी होती. फक्त सवलत बँकेला होती, तिला नव्हती. बुडालेला पैसा काही महिने तोट्यात दाखवायचा नाही, एवढंच. तिचं व्याज चढतच होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं काडीसुद्धा बँकेनंच धरली होती.

सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण आपल्यासारखीच तंजावरकडची मराठी बोलणारी ही बाई आज पहिल्यांदा हसत होती. त्याचा धीर झाला नाही.

"बरां झालां, अक्का," तो म्हणाला.

घरी बायकोनं, वसंतानं, डबा उघडला. "तिला खरां सांगितलांत?"

"नाही."

"मग ह्या पोळ्या गळ्याखाली उतरतात कशा?"

उतरल्या. घासलेला डबा फळीवर राहिला. आज नेतो, उद्या नेतो, करत त्यानं कनकाच्या समोर जायचं टाळलं.

मार्चअखेर सवलत संपली. कर्ज बुडीत ठरलं आणि मशीन उचलायचा हुकूम निघाला. जप्तीला निघताना वसंतानं डबा त्याच्या हातात दिला.

हमालांनी मशीन टेम्पोत चढवलं. कनका दारात उभी होती.

"सवलत बँकेची होती, अक्का," तो कसाबसा म्हणाला.

"त्या दिवशीं सांगायचां होतां. शेजारचे मुदलियार मशीन चांगल्या भावानं घेत होते, कर्ज फिटलां असतां. राहिलां म्हणून मीच नको म्हटलां."

त्यानं डबा पुढं केला. तिनं झाकण काढलं. आत वसंतानं भरलेली साखर होती. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो.

"अम्मा, तण्णी," घाम पुसत एका हमालानं पाणी मागितलं.

कनकानं आतून तांब्या आणला. पाहुण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं? तिनं एकेकाच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली. शेवटी ती अनंतकृष्णापुढं आली.

त्याला हात पुढं करावाच लागला.