जहाजावरची एकटीची खोली

खिमला जहाजांचा वीट आला होता, आणि अजून ती एकाही जहाजावर चढली नव्हती. आईला ऐंशी पूर्ण होणार म्हणून सगळ्या घराने समुद्रावर सहलीला जायचं, असं थोरल्या भावाने, बून तेकने ठरवलं. ठरवलं त्याने, कुठल्या कंपनीचं जहाज बरं ते शोधायचं काम मात्र खिमच्या गळ्यात. लग्न न केलेल्या बहिणीला वेळच वेळ असतो, अशी घरात सगळ्यांची ठाम समजूत होती.

कसला वेळ! कित्येक वर्षं ती आईच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपत होती. झोपत होती म्हणजे आडवी होत होती. आईला उठवायचं, धरून न्यायचं, परत आणायचं, पांघरूण घालायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक.

तरी तिने तीन कंपन्या पिंजून काढल्या. एकीच्या जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या होत्या; वहिनीला मुलांसाठी तेच हवं होतं. दुसरीच्या जहाजावर जुगाराचा मोठा हॉल आणि दिवसभर उघडी खानावळ; दादाचा जीव तिथे. तिसरीचं शांत, लिफ्ट जवळ, जेवण मऊ. त्याला सगळ्यांनी ‘म्हाताऱ्यांचं जहाज’ म्हणून मोडीत काढलं. खिमचं मन मात्र तिथेच अडकलं होतं, कारण त्या जहाजावर एकट्या माणसासाठी छोट्या खोल्या होत्या. एक पलंग, एक खिडकी, बस. निदान काही रात्री सलग झोपता येईल, एवढंच तिला हवं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? आईच्या ऐंशीला आईपासून वेगळी खोली हवी म्हणून?

रविवारी दादा आणि वहिनी आले ते लालभडक सूटकेस ढकलतच.

“केलं बुकिंग! सहलींच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. ही बॅग फुकट!”

“कुठलं जहाज?” खिमने विचारलं.

“जुगारवालं. मुलांसाठी एक घसरगुंडीही आहे, म्हणजे हिची कटकट नको.”

“आणि खोल्या?”

“तू आणि आई एका खोलीत. आणखी काय असणार?”

“बरं,” खिम म्हणाली. इतके दिवस केलेली सगळी उठाठेव पाण्यात गेली होती, आणि भांडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. ती कॉफी करायला उठली.

“कधी निघायचंय?” आईने खुर्चीतून विचारलं.

“शाळेच्या सुट्टीत, सप्टेंबरात. कसली स्वस्त तारीख मिळाली म्हणून सांगू!”

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. “स्वस्त मिळणारच. आपल्या चिनी पंचांगातला सातवा महिना आहे तो. भुकेली भुतं मोकाट सुटलेली असताना मी पाण्यावर जाऊ? फुकटच्या बॅगेपायी डोळे फुटले का रे तुझे?”

दादाने कपाळावर हात मारला. “आता तारीख बदलत नाहीत, आई.”

“मग खिम राहील आईंजवळ,” वहिनी लगेच म्हणाली. “नाहीतरी तिला गर्दी आवडत नाही.”

खिमच्या तोंडून सवयीने ‘हो’ निघणारच होतं.

“खिम जाईल,” आई म्हणाली. “बून तेक, तू राहा. त्याच दिवसांत तुझ्या गेलेल्या बापाचं पान मांडायचंय. थोरला मुलगा समुद्रावर पत्ते कुटणार आणि बाप दारात उपाशी उभा राहणार?”

“अगं, पण दरवर्षी सगळं खिमच तर करते!”

“रांधते ती. उदबत्ती कोणी धरायची? आणि मुक्कामालाच ये. माझ्या खोलीत गादी आहे.”

“म्हणजे खिमला भुतं धरणार नाहीत वाटतं?”

“तिचा चेहरा बघून भुतंच म्हणतील, बाई, तू आधी झोप.”

बापाच्या पानापुढे दादाचं काही चालेना. जाताना तो बॅगही न्यायची विसरला.

दुपारी खिम आईच्या पायांना तेल चोळत होती. “आई, तुला खरंच भीती वाटते?”

“कसली? तुझ्या बापाच्या होडीवर सातव्या महिन्यातही मी मासळी विकलीय. एका भुताने कधी फुकट मासा मागितला नाही.”

खिमचे हात थांबले. “मग यायचं होतंस की.”

“आले असते, तर तू माझ्याच खोलीत असतीस.” आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. “पूर्वी मी हाक मारली की तू ‘आले’ म्हणायचीस. आता हाक मारायच्या आधीच म्हणतेस, झोपेत. मी जागी पडून ऐकत असते.”

खिमने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं. तिला खूप रडायचं होतं. पण त्याआधीच तिला झोप लागली, आणि पाय अवघडून गेला तरी आईने दुपारभर तिला हाक मारली नाही.